खोका एक, मशीन दुसरं

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी ते प्रकरण डोक्यातून जात नाही. खून नव्हता, दरोडा नव्हता. चोरीला गेलं होतं व्हिडिओ गेम खेळायचं मशीन, आणि त्यापायी मी एका सरळ माणसाचं दुकान बुडवायला निघालो होतो.

तेव्हा गोंदिया शहरातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून टपाल पाहत होतो, तेवढ्यात एक कापड व्यापारी पत्नी आणि कॉलेजातल्या मुलीला घेऊन आले. घराला रंग देणं चालू होतं, माणसांची ये-जा होती, आणि त्या गडबडीत मुलीचं मशीन गेलं. बिल जपून ठेवलं होतं, त्यावर मशीनचा नंबर होता. आम्ही गुन्हा दाखल केला आणि रंगाऱ्यांना बोलावून विचारपूस केली. काही निघालं नाही.

चार दिवसांनी माझ्या खबऱ्याने मोबाईलवर एक फोटो पाठवला. जुन्या गेमची खरेदी-विक्री चालते अशा एका ग्रुपवर मशीन विकायला ठेवलं होतं. शेजारी खोका, खोक्यावर नंबर, आणि तो बिलाशी तंतोतंत जुळत होता. अशी केस म्हणजे ताटात वाढून आलेलं जेवण. मी जीप काढली.

विकणाऱ्याचं बाजारात लहानसं दुकान होतं. सालेकशाकडचा माणूस, पस्तिशीचा. धानाची शेती भावाकडे सोपवून नवरा-बायकोने सहा वर्षांत दुकान उभं केलं होतं. जुनी मशीनं घ्यायची, उघडून साफ करायची, दुरुस्त करून विकायची. मी भर बाजारात पंच बोलावले. हवालदाराने खोक्यावरचा नंबर जप्ती पंचनाम्यात उतरवला, मशीन खोक्यातच ठेवून वर लाखेचं सील मारलं. अर्धा बाजार जमला होता. दुकानदाराला जीपमध्ये बसवलं तेव्हा लोक मोबाईल काढून उभे होते, आणि खरं सांगतो, मला तेव्हा बरंच वाटलं.

ठाण्यात त्याला समोर बसवून मी दोन तास विचारलं. कोणाकडून घेतलं? किती दिवसांपासून हा धंदा? मशीन घेतलं त्या माणसाचं नाव, गाव त्याने सांगितलं, पण त्या माणसाचा फोन लागेना. मी आणखी तापलो. तो मात्र एकच गोष्ट धरून बसला होता.

"साहेब, खोका अलग हाये, मशीन अलग हाये. तुमी पलटवून काऊन नाही पाहून राहिले?"

मला वाटलं, गडी बनेल आहे, गोल गोल फिरवतोय. मी त्याला गप्प बसवलं. संध्याकाळपर्यंत अटक दाखवायची, हे मनात पक्कं होतं. बाहेर व्हरांड्यात त्याची बायको बसली होती. दुकानाचा गाळा भाड्याचा होता, आणि गाळ्याच्या मालकाने तिला फोन करून सांगितलं होतं, "दुकान खाली कर दो." हवालदाराने हे मला सांगितलं. मी म्हणालो, आधी विचार करायचा होता. आज ते वाक्य आठवलं की माझीच मला लाज वाटते.

दुपारी ओळख पटवायला व्यापाऱ्याचं कुटुंब आलं. पंचांसमोर सील फोडून मशीन बाहेर काढलं. मुलीने ते हातात घेतलं, उलटं केलं आणि म्हणाली, "सर, हे माझं नाही. नंबर बघा ना." खालच्या बाजूला बारीक अक्षरांत नंबर होता, आणि तो वेगळाच. मी चष्मा लावून तीनदा वाचला.

मग तिच्या आईने कपाळाला हात लावला. घर रंगवायच्या आधी तिने माळा रिकामा केला होता आणि रिकामे खोके कबाड्याला देऊन टाकले होते, त्यात या मशीनचाही. आता दुकानदाराला बोलायला वाव मिळाला. जुन्या मशीनला खोका असला की गिऱ्हाईक लवकर घेतं, म्हणून हे लोक कबाड्याकडून रिकामे खोके आणतात आणि बसेल त्यात मशीन घालतात. या बाजारात ही रोजची रीत. तीस वर्षं पोलिसात काढून मला ती ठाऊक नव्हती, आणि सांगणारा समोर असताना मी ऐकली नव्हती.

त्याला घरी जायला सांगितलं. दुसरा कोणी मागे न पाहता पळाला असता. हा दारात थांबला आणि याने मुलीला विचारलं, कंट्रोलर, म्हणजे हातात धरून खेळायचं ते, तेही गेलं का? ती म्हणाली, ते माझ्या खोलीतच राहिलं.

"मंग चोर कंट्रोलर शोधत येईल, साहेब. त्याच्याबिगर मशीन चालू करून दाखवता नाही येत. अन् मॉडेल कोणतं, हे त्याले सांगता नाही येणार. खेळणाऱ्याले ते तोंडपाठ असते."

पहिल्यांदाच मी त्याला 'तुम्ही' म्हणालो आणि बसायला सांगितलं. त्याने माझ्यासमोरच आसपासच्या सगळ्या ओळखीच्या दुकानदारांना फोन लावले. तिसऱ्या दिवशी तिरोड्याहून निरोप आला. एक माणूस नुसता कंट्रोलर मागतोय, मॉडेल सांगता येत नाही. तिथल्या दुकानदाराने त्याला बोलण्यात गुंतवलं, तिथल्या पोलिसांनी ताब्यात घेतलं. रंगाचे डबे पोहोचवणारा टेम्पोवाला निघाला. त्याचं नाव आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं, कारण आम्ही विचारलंच नव्हतं. मशीन मिळालं, आणि या वेळी नंबर मी स्वतः मशीन पलटवून पाहिला.

कोर्टाच्या आदेशाने दुकानदाराचं जप्त मशीन परत करायचं होतं. रीत अशी की माणसाला ठाण्यात बोलावून सही घ्यायची. मी ते मशीन काखेत घेऊन वर्दीवर बाजारात गेलो आणि त्याच्या दुकानात स्टुलावर बसलो. लोक लांबून पाहत होते. गाळ्याचा मालकही आला. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात मी म्हणालो, "चूक माझी होती. या माणसाने चोर पकडून दिला." मालकाने पुन्हा दुकान खाली करायची गोष्ट काढली नाही.

मी तिथे दोन तास बसलो. चहा झाला, दुसरा झाला. दुकानदाराच्या बायकोने विचारलं, "साहेब, काम कायचं हाये?" काम काहीच नाही, असं सांगितलं. ती समजली आणि तिने पदराने डोळे पुसले.

माझी चूक कागदावर पाच ओळींत दुरुस्त झाली होती. पण बाजार कागद वाचत नाही, तो कोण कुठे बसलंय ते पाहतो, हे मला त्या दिवशी उमगलं. शेवटी एक गिऱ्हाईक माझ्या वर्दीकडे बघत बिचकत आत आलं आणि एका मशीनची चौकशी करू लागलं. दुकानदार मला विसरून त्याला समजावण्यात रंगला, तेव्हा मी टोपी उचलली आणि हळूच बाहेर पडलो.