पू नसलेली जखम

मायक्रोस्कोपवरून डोळा न काढता ताई डावा हात वर करायच्या. तो खाली येईपर्यंत लॅबमध्ये कोणी बोलायचं नाही. "मशीनला काय इचारतस? डोल्याला इचार," हे मला रोज एकदा तरी ऐकावं लागायचं. ऐरोलीतल्या आमच्या छोट्या लॅबमधल्या त्या सगळ्यांत जुन्या टेक्निशियन, खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या. अशी बाई तुम्हीही पाहिली असेल. सुई टोचताना बाळाशी लाडात बोलते, आईवर मात्र डाफरते.

एकदा दिघ्याहून एक बाई दीड महिन्याच्या मुलीला घेऊन आली. ताप हटत नव्हता. रक्तात पांढऱ्या पेशी इतक्या निघाल्या की मला वाटलं, मशीन बिघडलं. ताईंनी स्लाइड पाहिली, उठल्या आणि बाहेर जाऊन बाळाचं दुपटं सोडलं. बेंबी लालभडक, सुजलेली.

"नाल कवा परली?"

"परवाच. पण पू नाही हं मॅडम, जखम एकदम स्वच्छ आहे," आई जरा अभिमानानेच म्हणाली.

नाळ एरवी आठ-पंधरा दिवसांत पडते; हिची दीड महिना टिकली होती. ताईंनी दुपटं पुन्हा गुंडाळलं.

आत आल्यावर मला म्हणाल्या, "पू कशाचा व्हतो गो? याच पेशींचा. जखमेत उतरायचं तर त्यांना आधी शिरेच्या भिंतीला चिकटायला लागतं. चिकटायचं प्रथिनच अंगावर नसंल, तर रक्तात ही गर्दी, आन् जखमेत एक नाय."

मालक डॉक्टरांनी सुनावलं, "आपण आकडे द्यायचे. निदान नाही." दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून ताई मायलेकींना मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेल्या. तपासणीत ते प्रथिन खरंच सापडलं नाही. उपाय एकच, दुसऱ्याचा बोन मॅरो. चार वर्षांच्या भावाचा जुळला. तारीखही ठरली. त्याआधीच न्यूमोनियाने मुलगी गेली.

आता जे कधी बोलले नाही ते सांगते. ती तीन आठवड्यांची असतानाही तिचं रक्त आमच्याकडे आलं होतं. आकडा तेव्हाही असाच चढलेला. सकाळची घाई होती. इन्फेक्शन असेल म्हणत, स्लाइड न बघता मी रिपोर्ट छापून दिला होता. तेव्हाच कळलं असतं तर? हे मी कोणालाच विचारू शकले नाही.

पुढच्या महिन्यात ताईंनी नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी मी त्यांना जिन्यात गाठलं.

"ताई, त्या मुलीचा पहिला रिपोर्ट..."

"तुझी सही हाय त्यावर. ती दिघ्याची बाय आली, तवाच पायली मी."

आता बोलतील, चिडतील, म्हणून मी मान खाली घालून उभी राहिले. त्यांनी खांद्यावरची पिशवी सावरली. मग म्हणाल्या, "जेवलीस का?"

आणि उत्तरासाठी न थांबता, कठड्याला धरत, जिना उतरून गेल्या.