बंबातलं सागवान

आमच्याकडे सुतार कामाला आला की निघालेलं जुनं लाकूड आपलंच, असं तो धरूनच चालतो. मी चालू देत नाही. मागच्या थंडीत पुढच्या खोलीच्या खिडक्या काढल्या, तेव्हा मजुरीचं बोलण्याआधीच त्याला बजावलं, "चौकटी माझ्या. एक ढलपीसुद्धा न्यायची नाय."

"मावशी, कुजलंय ते. काय करता त्याचं?"

"बंबात घालीन. तुला एवढी हळहळ कशाची मग?"

तो हसला. लाकूड सागवानी होतं, वर जुन्या ऑइलपेंटचे थर; हिरव्यावर निळा, निळ्यावर चॉकलेटी. पाचोडच्या बाजारात साड्या विकत विकत घेतलेलं घर आहे हे. इथली कुठलीच गोष्ट मला कुणी सोडून दिलेली नाही, म्हणून मीही सोडत नाही.

त्या लाकडावर रोज नातवाच्या अंघोळीचं पाणी तापायचं. लेक नोकरीला जाताना त्याला माझ्याकडे ठेवायची. रांगायचं वय, हाताला लागेल ते तोंडात. एकीकडे सुतार उरलेल्या चौकटी घासत होता, दुसरीकडे मी झाडू मारत होते. बंबाची राख भांड्यांना. नातवाची वाटीही मी राखेनंच घासायचे. साबणाचा वास राहतो म्हणून.

मग त्यानं खाणं सोडलं. पोट धरून रडायचा. डॉक्टरांनी विचारलं, घरात काही काम काढलंय का, आणि रक्त तपासायला पाठवलं. रक्तात शिसं निघालं.

त्या संध्याकाळी लेक एकटीच आली. सरळ मोरीत जाऊन बंबासमोर उभी राहिली.

"आई, ही राख फेकायची. ते लाकूड जाळायचं नाही."

"सागवान आहे ते!"

"त्याच्यावरच्या जुन्या रंगात शिसं असतं. लाकूड जळतं, शिसं जळत नाही. राखेत राहतं, धुरातनं उडतं. घासलेल्या रंगाची धूळ तर घरभर बसलीय."

"तू याच घरात मोठी झालीस. तुला काय झालं?"

"माझं कुणी तपासलं होतं का?"

माझं डोकं फिरलं. तरी सवयीनं मी सौद्यावर आले. "बरं, रंगाचं नाय जाळत. कोरं तेवढं जाळते. पुढची खोली बंद ठेवते. पोराला मात्र उद्यापासून आण."

"यात घासाघीस नाही, आई."

पोरगं तिच्या सासूकडे गेलं. ती बाई दिवसभर टीव्हीपुढे बसते. तिच्याकडे ठेवलं, आणि माझ्याकडे नाही. हे मला अजून गिळवत नाही.

झाडू बंद झाला. ओल्या फडक्यानं फरशी, कठडे, सांदीकोपरे पुसायचे, पाणी बदलायचं, परत पुसायचं. गुडघे गेले. राख ओली करून जाड पिशव्यांत बांधली. राहिलेल्या चौकटींखाली प्लास्टिक अंथरून, पाणी मारूनच घासायला लावलं. सुतार वैतागला, "लाकूड फुगतंय, मावशी." म्हटलं, फुगू दे.

काम संपल्यावर त्यानं उरलेल्या ढिगाकडे बोट केलं. "आता तर जाळत नाही तुम्ही. मी नेऊ?"

"नाय."

"जाळायचं नाही, द्यायचंही नाही!"

त्याच्या घरीही लहान लेकरं आहेत. सांगितलं त्याला, सगळं सांगितलं. त्याला पटलं नाही. म्हातारीचा कंजूसपणा म्हणत तो जिना उतरला. मी ढिगावर प्लास्टिक ओढलं.

पुढच्या तपासणीत शिसं उतरलेलं निघालं. त्यानंतर एका सकाळी लेक पोराला कडेवर घेऊन आली. उंबरा ओलांडला, पण त्याला खाली ठेवलं नाही. खिडकीच्या कठड्यावरून तिनं बोट फिरवलं आणि ते उजेडात धरलं. कापडाचा काठ बघायला मीच शिकवलं होतं तिला, अगदी तसं. गिऱ्हाइकापुढे मी कधी घाबरले नाही. त्या बोटापुढे मात्र घाबरले.

तिनं बोट पदराला पुसलं आणि पोराला फरशीवर सोडलं.

तो माझ्याकडेच यायला निघाला. मी आधी हात धुवायला उठले.