भट्टीच्या आधी संडास

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. शिरोळच्या आमच्या घरी सभा-मोर्चांची पत्रकं यायची आणि वडील ती आमच्याकडून मोठ्यानं वाचून घ्यायचे. मागण्या खणखणीत असायच्या. पण त्या पुरवायला किती पैसे लागतील आणि कधीपर्यंत, हे कुठंच नसायचं. दोन हजार सालानंतरच्या वर्षांत कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मला पहिली नोकरी लागली. मालकांनी नव्या कारखान्याच्या नियोजनाचं सॉफ्टवेअर माझ्यापुढं ठेवलं, तेव्हा मला ते कुठल्याही पत्रकापेक्षा धारदार वाटलं. प्रत्येक कामाला त्याची रक्कम, त्याची तारीख. एकदा मूळ बजेट गोठवलं की नंतरचा फरक सगळ्यांना दिसणार.

मालकांची जुनी फाउंड्री शहरात होती. तिथं साच्यात बसवायचे वाळूचे गाभे बनवायच्या खात्यात सगळ्या बायका. त्यांना संडास नव्हता. भट्टीची धग सोसत त्या दिवसभर पाण्याला तोंड लावायच्या नाहीत. ते बांधकाम ‘शेवटी बघू’ म्हणून ठेवलेलं आणि शेवटी पैसे उरले नव्हते. नव्या कारखान्यात हे होऊ द्यायचं नाही, असं मी ठरवलं. बायकांच्या संडासाचं काम मी भट्टीच्या आधी घातलं आणि भट्टी त्याला जोडली. संडास रखडला की भट्टीची तारीख आपोआप पुढं जाणार. मंजुरीनंतर ही जोडणी बदलता येत नव्हती.

मालकांनी पडद्यावर बोट ठेवलं. “हे एवढं वर कशाला?”

“खाली ठेवलं की ऱ्हातंय, मालक.”

ते हसले आणि बजेट मंजूर केलं.

बांधकामावर मालकांचे मेव्हणे लक्ष ठेवत. त्यांना दारात किल्ल्यासारखी कमान हवी होती. कुठल्या कामावर किती गवंडी लागले याची हजेरी तेच पाठवत आणि मी ती सॉफ्टवेअरमध्ये भरत असे. पुढच्या बैठकीत पडद्यावर कमान हिरव्यात, म्हणजे बजेटात होती आणि संडास लाल.

“बघा दाजी,” मेव्हणे म्हणाले, “कमान बजेटात हाय. संडासच अंगावर यायला लागलाय. औंदा रद्द करा.”

मी आदल्या दिवशी जाऊन बघून आले होते. “कमान डोक्याच्या वर गेलीय आणि तिचे निम्मे पैसेसुद्धा लागले न्हाईत. संडासाचे संपत आलेत आणि जोत्यावर एक वीट न्हाय. मग गवंडी कुठं राबत होते?”

मेव्हणे जराही गडबडले नाहीत. “ज्यात शिल्लक दिसंल त्यात हजेरी टाकायची. सगळीच टाकत्यात. पैसा एकाच घरचा हाय की.” मग मालकांकडं वळून म्हणाले, “ही पोरगी हिशेबाला ठेवलीया का पत्रकं वाटायला?”

“हाच हिशेब पत्रकात छापू का?” मी विचारलं.

मालक उठले आणि बाहेर पडले. आम्ही दोघं मागोमाग. संडासाच्या जोत्यात गुडघाभर गवत माजलं होतं. मालकांनी ते पायानं बाजूला सारून बघितलं.

“कमानीची हजेरी कमानीवर टाक,” ते मला म्हणाले.

“मग कमान अर्धीच ऱ्हाईल की, दाजी.”

“ऱ्हाऊ दे. भट्टीची तारीख हालली तर गिऱ्हाईक हालतंय.”

मालकांना बायकांची दया आली, असं मी म्हणणार नाही. दयेवर मला काही बांधायचंच नव्हतं. त्याच दुपारी मी सगळी हजेरी जागच्या जागी लावली. कमान लालभडक झाली, संडासाचे पैसे संडासाला परत आले. गवंडी दुसऱ्या दिवशी गवत उपटून कामाला लागले. भट्टी पेटली तेव्हा संडासाला दारं, कड्या आणि नळाला पाणी होतं.

पुढं कारखाना वाढवायचं ठरलं. जेवणाच्या सुट्टीत गाभ्यांच्या खात्यातल्या बायका माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. सगळ्यांत थोरलीनं विचारलं, “आता काय बांधालेत?”

“दुसरी भट्टी.”

“आमची जेवायची खोली हाय का त्यात?”

मी पडदा तिच्याकडं वळवला. तिला वाचता येत नव्हतं. “कुठल्या वळीत?” तिनं विचारलं. मी बोट ठेवलं.

“तिच्यावर भट्टी अडकवलीयास न्हवं?”

“व्हय.”

“मग बरं,” ती म्हणाली, आणि बाकीच्यांना घेऊन जेवायला गेली.