तात्यांना हुकूम

दुसऱ्या महायुद्धात आमची पलटण ब्रह्मदेशात होती. मी हवालदार, गाव राजगडाखालचं पाली. एका सकाळी फॉलइनमध्ये सुभेदारसाहेबांनी विचारलं, "दहा जणांचं सेक्शन सांभाळायला कोण तयार? एक कदम आगे." एकही बूट हलला नाही. साहेब वैतागले. मला मात्र कुतूहल वाटलं. स्वतःहून लढाईवर आलेली ही पोरं म्होरं व्हायला का कचरतात?

चहाच्या वेळी एकेकाला गाठलं. "तू नाही, तर मग कोण?" बहुतेकांनी एकच नाव सांगितलं, मार्गासनीचा रामा.

"व्हायचंय की. लई मनात हाय," रामा म्हणाला. "पन सेक्शनात तात्या हायेत. चुलत्याचं नाव घिऊन हुकूम सोडू व्हय?"

तात्या म्हणजे धोंडिबा. वयानं रामापेक्षा लहान, नात्यानं चुलता. मी धोंडिबालाच विचारलं.

"हितं त्यो नाईक झाला, तर म्या त्याचा शिपाई," तो म्हणाला. "घरी गेल्यावर पडंल की पाया."

रामाला नाईकाची फीत मिळाली. तरी पठ्ठ्या चुलत्याचं काम दुसऱ्याकरवी सांगायचा. "जरा तात्यांना सांगा." आम्ही त्याला यावरून लई छळलं.

मग एका दुपारी गस्तीवर असताना ओढ्यापलीकडून मशीनगन सुरू झाली. रामाचं सेक्शन उघड्या वाळूत अडकलं. मी मागच्या काठावर होतो, सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. कुणीतरी बगलेनं जाऊन ग्रेनेड टाकायला हवा होता. सगळ्यात लांब फेक धोंडिबाची. भाताच्या राखणीला रानडुकरांवर दगड मारून हात तयार झालेला. रामाला हे ठाऊक होतं, पण चुलत्याचं नाव तोंडी येईना.

"नाव घे की," धोंडिबा म्हणाला. "पोरं मरत्यात."

"धोंडिबा, आगे!"

मशीनगन बंद पडली. सेक्शन वाचलं. धोंडिबा परत आला नाही.

संध्याकाळी मी रामाला म्हणालो, "तू बरोबर केलंस."

"व्हय," म्हणाला आणि रडला. मलाही आवरलं नाही.

लढाई संपल्यावर आम्ही गावी आलो. सर्वपित्री अमावास्येला मी मार्गासनीला जातो. रामा कौलांवर पान ठेवतो, हात जोडतो.

"तात्या," म्हणतो, "आता हुकूम न्हाई. सावकाश जेवा."