मंडईची पाहुणी

तांदळाच्या दलालाचं ऑफिस ज्याने पाहिलं नाही, त्याने आयुष्यात फार काही गमावलेलं नाही. दोन टेबलं, लक्ष्मीचं कॅलेंडर, आणि जिकडेतिकडे नमुन्याच्या पुड्या. गिरणीतून मूठभर तांदूळ येतो, तो ताटलीत पसरायचा, तुकडा किती, काळा दाणा किती ते बघायचं आणि फोनवर भाव सांगायचा. गोंदियातल्या दुर्गाप्रसाद सेठजींच्या अशा ऑफिसात दिव्या तीन वर्षांपासून बसत होती. सकाळी कॉलेज, बी.कॉम.चं शेवटचं वर्ष. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत तांदूळ आणि फोन. धानाच्या बांधावर वाढलेली पोर शहरात शिकायला आली आणि पुन्हा तांदूळच निवडत बसली. याला नशीब म्हणा नाहीतर थट्टा म्हणा.

कामाचं तिला काही वाटत नसे. खायला उठायची ती रेलटोलीतली खोली. कुलूप उघडून आत गेलं की सकाळी उपडा ठेवलेला पेला तसाच उपडा. कुकर बाजारातला सगळ्यात लहान, तरी त्यात एकटीपुरता भात लावला की तळाला चिकटून बसे. दिवसभर तोंडात हिंदी, 'हां जी', 'भेज दीजिए', 'कल बात करते हैं'. घरची बोली बोलायला फक्त रविवारचा फोन. घरमालकीण बोलायची, पण तेही नळ नीट बंद कर एवढंच. कधीकधी दिव्या पुस्तक मोठ्याने वाची, ते पाठ व्हावं म्हणून नव्हे, खोलीत आवाज असावा म्हणून.

तिच्या शेजारच्या टेबलावर रुचिका बसे. हिशेबाचं काम करी, गोंदियातलीच मुलगी, स्वतःची स्कूटी. चांगली होती, डब्यातलं लोणचं द्यायची. पण सहा वाजले की रुचिकाला तिचं घर होतं आणि दिव्याला खोली. तीन वर्षांत गोंदियातल्या एकाही माणसाने दिव्याला विचारलं नव्हतं की तुझं घर कसं आहे. तिला एवढंच हवं होतं: या शहरातल्या कोणीतरी एकदा आपलं घर पाहावं, आपल्या आईच्या हातचं खावं. मग आपण इथे नुसत्या फोनवरचा आवाज राहणार नाही, असं तिला वाटे.

आणि त्याला मुहूर्त होता मंडईचा. दिवाळी सरली की झाडीपट्टीत, म्हणजे या धानाच्या मुलखात, गावोगावी मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. दुकानं लागतात, रात्री नाटक असतं, आणि घरोघरी पाहुणे. ज्याच्या घरी मंडईला पाहुणा नाही, तो माणूस गावात असून नसल्यासारखा. बोलावलं आणि पाहुणा 'येतो' म्हणाला, की त्याच्या नावाचा भात शिजलाच.

दिवाळीनंतर ऑफिस उघडलं त्याच दिवशी दुपारी धुरपताने विषय काढला होता. धुरपता म्हणजे ऑफिसची झाडलोट करणारी, आमगाव रस्त्यावरच्या एका खेड्यातून येणारी विधवा बाई. फरशी पुसतापुसता म्हणाली, "आमच्या गावची मंडई आहे सुक्रवारी. येजो बाई."

"येतो ना मावशी," दिव्या म्हणाली. एका कानाला फोन होता, ताटलीत एचएमटी तांदळाचा नमुना होता.

त्या शुक्रवारी संध्याकाळी दिव्या खोलीवर पुस्तक उघडून बसली होती. खालच्या रस्त्यावरून लोक नटूनथटून कुठेकुठे निघाले होते. या एवढ्या शहरात आपल्याला बोलावणारं कोणी नाही, असं मनात येऊन तिचे डोळे भरून आले. धुरपताचं बोलावणं तिच्या मनात कुठे नव्हतंच.

तिच्या स्वतःच्या गावची मंडई पुढच्या आठवड्यातल्या रविवारी होती. गाव बोदलकशाच्या तलावाच्या अलीकडे, तिरोड्याहून आत. तिने चार दिवस मनाची तयारी केली, मग धीर करून सेठजींच्या टेबलासमोर उभी राहिली.

"सेठजी, इतवार को हमारे गांव की मंडई है. आप आइए ना. रुचिका, तू भी."

"अरे बेटा, क्यों नहीं! आएंगे ना, ज़रूर आएंगे," सेठजी म्हणाले, आणि लगेच फोनवर रायपूरच्या व्यापाऱ्याशी बोलू लागले.

"पक्का यार," रुचिका म्हणाली. "तलाव भी दिखाना मुझे."

धुरपता तेव्हा दारातच बादली घेऊन उभी होती. तिलाही सांगावं, हे दिव्याच्या डोक्यात आलं नाही.

दिव्याने तिथल्या तिथे घरी फोन लावला. गोंदियातलं 'आएंगे ना' हे नुसतं गोड बोलणं असतं, 'राम राम'सारखं, हे तिला तीन वर्षांत कळायला हरकत नव्हती. पण मंडईचा विषय आला की माणूस गावाच्याच कानांनी ऐकतो.

शनिवारी ती घरी पोचली तर सडासारवण झालेलं. बापाने, रेवारामने, अंगणवाडीतून दोन प्लास्टिकच्या खुर्च्या मागून आणल्या होत्या. आई सत्यभामा चुलीपाशी चिंतेत.

"सेठजी मासोळी खातेत काय वो?"

"नाही आई. कांदा-लसूण पण नाही खात."

"अगे माय! मंग खातेत तरी काय?" सत्यभामा म्हणाली, आणि रविवारी पहाटे उठून तिने सेठजींसाठी भाजीचं वेगळं पातेलं चढवलं. उडदाचे वडे तळले, खीर केली. घरात तलावाची मासोळी शिजत होती. तिचा वास पाहुण्यांना लागू नये म्हणून ती चूल परसात हलवली. रेवाराम धुतलेला सदरा घालून सकाळपासून रस्त्याकडे तोंड करून बसला. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, "पोरीच्या हापिसातले येऊन राहिले."

दुपार झाली. मंडईत पिपाण्या वाजू लागल्या. दिव्याने रुचिकाला फोन केला, तो उचलला गेला नाही. सेठजींना करायची हिंमत झाली नाही. खुर्च्यांवर शेजारची पोरं बसली, रेवारामने त्यांना हाकललं, थोड्या वेळाने पुन्हा बसली, मग त्याने हाकललं नाही. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. फक्त हा भात खरोखर शिजलेला होता.

संध्याकाळी सत्यभामाने ताटं वाढली. कांदा-लसणाशिवायची ती भाजी घरात कोणाच्या घशाखाली उतरेना, तरी रेवारामने दोनदा मागून घेतली. शेवटी आईच म्हणाली, "काऊन नाही आले, त्याचं नाही काही. पन 'येतो' नाही म्हनायचं होतं. माणूस वाट पायते ना."

दिव्या परसात जाऊन रडली. सेठजींचा राग आला, रुचिकाचा आला, आणि सगळ्यात जास्त आला तो बापाच्या धुतलेल्या सदऱ्याकडे पाहून स्वतःचा.

सोमवारी सेठजींनी तोंडभर हसून विचारलं, "घर गई थी बेटा? कैसा रहा?" जणू पहिल्यांदाच ऐकत होते. रुचिका म्हणाली, "सॉरी यार, मम्मी के साथ जाना पड़ा, फोन पर्स में था." आणि डब्यातलं लोणचं पुढे केलं. दिव्याने घेतलं. नाही म्हणायला काही कारण नव्हतं.

दुपारी धुरपता पुसायला आली. "झाली मंडई? पाव्हने आले काय?"

"आले ना," दिव्या म्हणाली. खोटं बोलताना तिने ताटलीतून मान वर काढली नाही.

"बरं झालं बाई. घरात मानूस आलं की बरं वाट्टे." धुरपताने फडकं पिळलं. "मायाकडे त कोनी नाही आलं यंदा. पोरगी दूर देलेली, तिले जमलं नाही. मी म्हनलो, दिव्याबाई येऊन राहिली, तिच्यापुरता भात त मांडू. खुर्ची मांगून आनली होती सेजारून." ती हसली. "तुले काम पडलं असन."

एवढं बोलून ती बादली घेऊन पुढच्या खोलीत गेली. तक्रार नाही, टोमणा नाही.

दिव्याला आईचं कालचं वाक्य जसंच्या तसं आठवलं. सेठजी आणि ती यात फरक कोणता? सेठजींनी निदान तिच्या तोंडाकडे पाहून 'आएंगे' म्हटलं होतं. फोनवर कोणीतरी तुकड्याची टक्केवारी विचारत होतं. तिने चुकीच्या नमुन्याची सांगितली, सेठजी ओरडले, ते तिला नीट ऐकूही आलं नाही. 'पुढच्या वर्षी नक्की येतो मावशी,' असं म्हणायला ती दोनदा उठली आणि दोनदा खाली बसली. ते वाक्य हुबेहूब 'आएंगे ना'सारखं होतं.

सुट्टी झाल्यावर ती रेलटोलीकडे वळली नाही. आईने बांधून दिलेले वडे पिशवीत होते. ते घेऊन ती आमगाव रस्त्याच्या ऑटोत दाटीवाटीने बसली. कापलेल्या धानाचा वास येत होता. फाट्यावर उतरून ती गावात शिरली तेव्हा चांगलंच अंधारलं होतं. मंडईची पाटी काढलेली, नुसते बांबू उभे. पारावर एक म्हातारा बिडी ओढत होता.

"धुरपतामावशीचं घर कोनतं जी?"

"त्या बोरीपाशी. कुठची पाव्हनी?"

"मंडईची."

म्हातारा तिच्याकडे बघतच राहिला. "मंडई त होऊन गेली वो, दहा दिवस झाले."

"हाव," दिव्या म्हणाली. "मले उशीर झाला."

धुरपता दारात बल्बच्या उजेडात तांदूळ निवडत बसली होती. दिव्याला पाहून तिने सूप खाली ठेवलं, पदर सारखा केला. काऊन आलीस, असं तिने विचारलं नाही. "बस वो," म्हणाली, आणि लगबगीने शेजारच्या घरी गेली, खुर्ची मागायला.