गेटवरची हनुवटी

डोंबिवलीच्या केमिकल कंपनीत तो ऑपरेटर होता आणि मी सेफ्टी ऑफिसर. गॅसचा मास्क चेहऱ्याला घट्ट बसायचा तर दाढी रोज गुळगुळीत हवी, म्हणून सकाळी गेटवर मी प्रत्येकाच्या गालावरून उलटा हात फिरवायचो. तो आपणहून हनुवटी वर करायचा. त्याचे केस कुरळे, कापले की कातडीतच वळायचे. गळाभर लाल पुटकुळ्या आणि वर तुरटीचा पांढरा थर.

"हळू साहेब, आत शेती चालू आहे," तो हसायचा.

"सवय होईल रे. कातडी निबर होते."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीच ठोकून दिलेलं.

पुढे त्याने डॉक्टरची चिठ्ठी आणली: रोजची दाढी बंद करा. पॅकिंगला मास्क लागत नाही, तिथे त्याला पाठवता आलं असतं. पण रिअ‍ॅक्टरवर त्याच्यासारखा हात दुसरा नव्हता. "वर पाठवलीय," असं सांगून चिठ्ठी मी खणात टाकली. त्याने परत विचारलं नाही. शिफ्ट संपली की मास्कच्या कडेला लागलेलं रक्त रुमालाने पुसायचा, मगच मास्क माझ्या हातात द्यायचा.

परवा माजिवड्याला भेटला. रिटायर झालाय, छातीपर्यंत पांढरी दाढी. मला बघून हनुवटी वर केली. "घ्या, चेक करा. सवय काही झाली नाही बघा."

मी चिठ्ठीचं सांगून टाकलं.

"माहितीये साहेब. खण उघडाच असायचा तुमचा."

म्हणजे मास्क पुसून देत होता, तेव्हाही त्याला माहीत होतं.