एकतीस माणसांचं एक घर

जयवंताला कोणी ‘बिचारी’ म्हटलं की माझं डोकं फिरतं. ती विधवा होती, बेघर होती, दर हंगामाला तेल्हाऱ्याकडून पायी अकोल्याला यायची, हे सगळं खरं. पण मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते १९३० च्या डिसेंबरात, आणि तेव्हा ती भर रस्त्यात एका सरकारी माणसाशी हुज्जत घालत होती. तो सरकारी माणूस म्हणजे माझे वडील.

बाबा शाळेत मास्तर. भगवंत मास्तर म्हणून अकोल्यात सगळे ओळखायचे. त्या साली खानेसुमारी आली आणि रिवाजाप्रमाणे मास्तर लोकांच्या गळ्यात पडली. माणसं मोजायची फेब्रुवारीत. त्याआधी घराघराच्या दारावर गेरूने नंबर घालायचा आणि रजिस्टरात ते घर लिहायचं. बाबांची नजर अधू झाली होती, म्हणून नाताळच्या सुटीत अमरावतीच्या कॉलेजातून घरी आलेल्या मला त्यांनी लिहायला नेलं. मी तेव्हा खादी नेसत होते आणि खानेसुमारीवर बहिष्कार टाकायच्या बाता मारत होते. शहरात काही लोक दारावरचे नंबर खरवडूनही टाकत होते. बाबा म्हणाले, बहिष्कार संध्याकाळी टाक, आत्ता दौत धर.

आमच्या वाट्याला स्टेशनमागची वस्ती आली. तिथे एक जीन होतं, कापसातली सरकी काढायचा कारखाना. नाव सांगत नाही; मालकाची नातवंडं भली आहेत आणि मला दिवाळीला फराळ पाठवतात. दसऱ्यानंतर तिथे कापसाच्या गाड्यांची रांग लागायची ती होळीपर्यंत. आत रेच्यांपुढे बाया बसायच्या आणि त्या यंत्रांत कापूस सारायच्या. सरकी एका बाजूला पडायची, रुई दुसऱ्या. शहरातल्या बाया संध्याकाळी आपापल्या घरी जात. बाहेरगावच्या ज्यांना घरच नव्हतं, त्या जिनाच्या कुंपणभिंतीला बाहेरून पाठ लावून लेकराबाळांसकट झोपत. वर आभाळ, पायाशी रस्ता, आणि त्या रस्त्याने येणारे-जाणारे पुरुष. रात्री एक झोपायची तर एक जागी राहायची.

भिंत आली तसे बाबा सरळ पुढे निघाले. जयवंता आडवी आली. चाळिशीची, उंच, भुवयांवरसुद्धा रुईचे तंतू.

“मास्तर, आमाले नंबर कावून नाई?”

बाबांनी समजावलं की नंबर घराला असतो. बेघरांना शेवटच्या दिवशी वेगळ्या कागदावर मोजतात.

“घर कशाले म्हनावं, काही लिवलं हाय का तुमच्या पुस्तकात?”

आमच्या बाबांना कोणी नियम विचारला की त्यांचं काही चालत नसे. त्यांनी पिशवीतून पुस्तक काढलं, चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचलं. एका चुलीवरचं खाणारी माणसं, ते एक घर.

जयवंता भिंतीकडे वळली. “मंग मोजा चुली.”

नऊ भरल्या. माणसं लेकरं धरून एकतीस आणि चुली नऊ, कारण जात. माळ्याची वेगळी, महाराची वेगळी, कोष्ट्याची वेगळी, आणि अगदी टोकाला जहाँआरा नावाची मुसलमान विधवा, तिच्या दोन मुलींसह. सगळ्या जणी जाळायच्या जिनाच्या आवारातल्या एकाच ढिगातली पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळकी झाडं. एकमेकींचा धूर चालायचा, भाकर नाही.

बाबांनी पुस्तक मिटलं. मग त्यांनी गेरू मागितला. दार नव्हतंच, म्हणून त्यांनी प्रत्येक चुलीच्या डोक्यावर भिंतीलाच नंबर घातला, आणि मी रजिस्टरात नऊ घरं लिहिली. मोजणी होईपर्यंत नंबराला कोणी हात लावायचा नाही, हा हुकूम जसा इतर घरांना तसा याही घरांना लागू झाला.

नंबर घेऊन ही बाई करणार काय, ते मला कळेना. मी तिला तसं विचारलंच. तेव्हा कळलं की दर पंधरवड्याला म्युनिसिपालिटीचा जमादार येतो, चुली लाथेने पाडतो आणि सगळ्यांना हुसकून लावतो. रात्री त्या परत येतात, दगड पुन्हा मांडतात. पुढच्या खेपेला जमादार आला, त्याने गेरूचा नंबर वाचला, टोपी सरळ केली आणि निघून गेला.

एवढ्यावर दुसऱ्या कोणी समाधान मानलं असतं. जयवंताने तिथून सुरुवात केली.

जिनाचा भोंगा सकाळी वाजायचा आणि शहरातल्या बाया भोंग्यावर कामाला येत. भिंतीजवळच्या सतरा जणींना मात्र मॅनेजर उत्तमराव भोंग्याच्या दीड तास आधी फाटक बडवून उठवायचे. तुम्हाला कुठे चालून यायचंय, असं त्यांचं म्हणणं. त्या दीड तासाची मजुरी नाही. रस्त्यावर झोपणारीने वेळेचा हिशोब विचारायचा नसतो, असा तिथला रिवाजच पडला होता, आणि बायाही तो निमूट पाळायच्या.

जमादार गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी फाटक बडवलं गेलं. कोणी उठलं नाही. उत्तमराव स्वतः बाहेर आले. जयवंताने अंगावरची वाकळ काढलीसुद्धा नाही. “आता आमी घरवाल्या झालो, मालक. घरवाल्या भोंग्यावर येतात.”

उत्तमरावांनी तिला काढून टाकायची धमकी दिली. तेव्हा बाकीच्या सोळा जणींनीही वाकळी तोंडावर ओढल्या. ऐन हंगाम होता, ते गप्प बसले. पण दोन गोष्टी त्यांनी केल्या. आवारातली पऱ्हाटी नेणं बंद केलं, आणि खानेसुमारीच्या वरच्या साहेबांकडे तक्रार नेली की भगवंत मास्तरांनी भिंतीला घरं म्हणून नंबर दिले आहेत.

मी संक्रांतीला पुन्हा अकोल्याला आले तेव्हा बाबा काळजीत होते. साहेब दुसऱ्या दिवशी तपासायला येणार होते. इनायतुल्ला साहेब, त्यांचा कडकपणा साऱ्या अकोल्याला माहीत होता. मी म्हटलं, येऊ द्या, नऊ चुली आहेत, नऊ घरं आहेत. आणि बायांना सांगायला म्हणून भिंतीपाशी गेले, तर चूल एक.

झालं होतं असं. पऱ्हाटी बंद झाली आणि थंडी कडाक्याची. रस्त्यावर वेचलेल्या काटक्यांत नऊ चुली पेटेनात. जयवंताने सगळं सरपण एका जागी आणलं. एकतीस माणसांच्या कण्या मावतील असं मोठं भांडं फक्त जहाँआराकडे, तिची डेगची. पहिल्या दिवशी तिच्यातलं जयवंताने खाल्लं आणि जहाँआराच्या मुलींनी. दुसऱ्या दिवशी आणखी काही जणी आल्या. पार्वताबाई म्हणून एक म्हातारी होती, तिने दोन दिवस तोंडात पाणीच घेतलं, आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ताटली घेऊन आली. आठ चुली थंड पडल्या. ज्यांना भिंत टिकवायची होती त्यांनीच आपली आठ घरं बुजवली होती, आणि पुस्तकातला नियम त्यांनीच पाठ केलेला.

मी जयवंताला म्हटलं, उद्याच्या दिवसापुरत्या नऊ चुली पेटवा. काटक्या मी आणून देते. साहेब गेले की पुन्हा एक करा.

ती डेगची घासत होती. हात थांबले नाहीत.

“बाई, पार्वता दोन दिस उपाशी राहून या डेगचीपाशी आली. आता तिले म्हनू, ऊठ व, सायेब येऊन राह्यला, तुही चूल वेगयी मांड? मांडन ते. मंग वापस नाई येनार.”

मी तिला अडाणी म्हटलं. हट्टी म्हटलं. आठ जागा जातील, जमादार येईल, पुन्हा लाथा बसतील, हेही सांगितलं. मी वीस वर्षांची होते आणि कॉलेजात तर्कशास्त्र शिकत होते. तिने डेगची पालथी घातली आणि म्हणाली की जागा गेली तर जाईल, पार्वता काही जागा पाहून आली नाही.

इनायतुल्ला साहेब सकाळी आले. उत्तमराव पानाचा डबा घेऊन त्यांच्या मागे. साहेबांनी एकेका चुलीपाशी वाकून राखेत बोटं घातली. मग बाबांना विचारलं, मास्तर, घरं किती? बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

“डिसेंबरात नऊ होती. आज एक आहे.”

साहेबांनी आठ नंबरांवर रेघ ओढली. उत्तमरावांनी त्यांना पान पुढे केलं. त्यांनी घेतलं नाही. नवव्या नंबरापाशी ते रजिस्टर उघडून उभे राहिले आणि घराचा कर्ता कोण ते विचारू लागले. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. जयवंता म्हणाली, माहं नाव लिवा. कोणी हरकत घेतली नाही. माणसं एकतीस. मग साहेबांनी जहाँआराकडे बोट केलं आणि हिचं कर्तीशी नातं काय, असं विचारलं.

जयवंता तोंड उघडायच्या आत जहाँआरा बोलली. “लिखो साहब, रोज झगडनेवाली.”

पार्वताबाईला खोकल्यासारखं हसू आलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी ‘एकत्र कुटुंब’ असं लिहून खाली सही केली. बाबांना एवढंच म्हणाले की नियमाने हे बरोबर आहे.

उत्तमरावांना वाटलं, जिंकलो. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी पार्वताबाईला आणि आणखी दोघींना फाटकाशी बोलावून घेतलं. तुम्ही पहिल्यासारख्या भोंग्याआधी या, तुम्हाला त्या एका नंबराखाली राहू देतो. बाकीच्यांना जमादार उचलेल. नऊ चुली असत्या तर ही युक्ती चालली असती, असं मला आजही वाटतं. आपापली चूल वाचवायला तिघी गेल्या असत्या, मग आणखी तिघी.

पार्वताबाईने ते येऊन डेगचीपाशी सांगितलं. जयवंताने एकच विचारलं, तू काय म्हन्लं त्याले?

“म्हन्लं, घर एक हाय. कर्तीले विचारा.”

त्या दिवशी भोंगा झाला आणि सतरापैकी एकही आत गेली नाही. वाकळी, गाडगी, लेकरं आणि डेगची घेऊन सगळ्या रस्त्यापलीकडच्या निंबाखाली जाऊन बसल्या. ओरडा नाही, घोषणा नाही. मला आमच्या कॉलेजातल्या सभांची सवय. मी म्हटलं, काही तरी म्हणा तरी. शकुन म्हणून एक तरुण पोरगी होती, ती म्हणाली की म्हणायचं ते गाडीवाले म्हणतील.

आणि तसंच झालं. सतरा रेचे रिकामे, कापूस संपेना, गाड्यांची रांग स्टेशनापर्यंत गेली. गाडीवाल्यांना रात्र काढायची नव्हती. दुपारपर्यंत त्यांनी उत्तमरावांच्या सात पिढ्या काढल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रांगेतल्या पुढच्या गाड्यांनी बैल वळवले. पलीकडचं जीन कापूस घ्यायला बसलंच होतं. मालकाची चिठ्ठी आली असावी, कारण उत्तमराव दुपारी स्वतः निंबाखाली आले, आणि जयवंताला त्यांनी पहिल्यांदा ‘बाई’ म्हटलं.

तिचं मागणं तयार होतं. काम भोंग्यावर, आणि भोंग्याआधी बोलावलं तर त्या वेळेची मजुरी. आवारातलं जे गोदाम रुईच्या गाठी गेल्यावर रिकामं पडलं होतं, ते झोपायला. उत्तमराव आगीचं बोलले. कापसाजवळ चूल नको. ते तिला कबूल होतं. चूल बाहेर भिंतीपाशीच, झोप आत. गोदामाला उत्तमरावांनी हो म्हटलं, भोंग्यालाही हो म्हटलं, इतक्या लवकर की मला संशय आला. मग ते म्हणाले, रात्री कापूस चोरीला जातो, म्हणून गोदामाला बाहेरून कुलूप राहील आणि किल्ली चौकीदाराकडे.

बाया उठून गाठोडी बांधायला लागल्या होत्या. जयवंता पुन्हा खाली बसली. तशा सगळ्या बसल्या.

“कुलूप नाई पायजे. कडी पायजे. आतून.”

उत्तमराव म्हणाले, गोदामाला आतून कडी कोणी लावलेली ऐकली आहे का.

“मालक, तुमच्या घरच्या बाया निजतात तवा कुलूप भाईरून लावता का तुमी?”

हे गाडीवाल्यांच्या देखत. कोणीतरी जोरात खाकरलं. उत्तमरावांनी रांगेकडे पाहिलं, आणखी एक गाडी वळत होती, आणि त्यांनी सुताराला बोलावणं पाठवलं.

पुढचे सात हंगाम त्या बाया त्या गोदामात राहिल्या. त्या काळात जयवंता दुसऱ्या जिनांच्या भिंतींपाशीही जाऊन आली, अमरावतीच्या बाजूला वलगावपर्यंत गेली. कुठे जमलं, कुठे हाकलून दिलं. तिच्या नावाने कुठे पाटी नाही, आणि मला ती हवीही वाटत नाही.

त्या दुपारी सुतार तासाभराने आला. कडी बसवेपर्यंत बाया गाठोड्यांवर बसून होत्या. जयवंता आत गेली, दार लोटून तिने कडी घातली, काढली, पुन्हा घातली. मग दार उघडून सुताराला म्हणाली, हातभर वर घे, लेकराचा हात पुरते. तो कुरकुरला. ती दारातच उभी राहिली, आणि कडी वर घेऊन झाल्यावर तिने पहिल्यांदा पार्वताबाईला आत नेलं.